दोन मापांची जोडवी

नांदेडहून लातूरला जाताना आमचे हे लोह्याला चहालासुद्धा थांबत नाहीत. मी कधी म्हटलंच, की जरा पाय मोकळे करू, तर म्हणतात, "अर्ध्या रस्त्यात कशाला? अक्काच्या घरी जाऊन कर की मोकळे." तुळजापूरला गेलो तरी दर्शन झालं की सरळ गाडीकडे. बाहेरच्या दुकानात बांगड्या बघते म्हटलं तर घड्याळ दाखवणार. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कालव्याचं पाणी मध्ये कुठे न मुरता शेवटच्या शेतापर्यंत गेलं पाहिजे, तसाच यांचा प्रवास.

असा माणूस एक दिवस आपण होऊन म्हणाला, की मुलाकडे जाताना त्रिनिदाद नावाच्या बेटावर विमान बदलावं लागतं, मध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ आहे, तर बाहेर पडून बेट बघून घेऊ. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. उलट मी दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं, की निवृत्तीनंतर माणूस सुधारतो बरं का.

आमचा एकुलता एक मुलगा तिकडच्याच एका लहानशा बेटावर डॉक्टरकी शिकायला होता. दहावीनंतर आम्ही त्याला लातूरला पाठवलं. सगळ्या मराठवाड्याची पोरं पाठीवर दप्तर आणि पोटात गोळा घेऊन लातूरला जातात, तसाच तोही गेला. राहायला माझ्या थोरल्या नणंदेकडे. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्काला मूलबाळ नाही, तिने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्याने दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली, आणि मग कोणीतरी सांगितलं, की समुद्रापलीकडे प्रवेश मिळतो. नकाशात ते बेट शोधायला मला चष्मा आणि भिंग दोन्ही लागलं.

शिकून परत येईन, इथली परीक्षा देईन आणि नांदेडातच बसेन, असा तो मला शब्द देऊन गेला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दिलेला शब्द आणि दिलेला गृहपाठ यांत मला फारसा फरक वाटत नाही, दोन्ही पुरे व्हायला हवेत. मी घरचा खालचा मजला भाडेकरूंकडून मोकळा करून घेतला. पांढरी फरशी बसवली, हात धुवायला बेसिन केलं, पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधून घेतला. रोज संध्याकाळी त्या रिकाम्या दवाखान्यात मी केर काढायची. उदगीरची एक डॉक्टर मुलगीही बघून ठेवली होती. हे त्या फरशीवर उभे राहून कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं.

आणखी एक दिवस सांगायला हवा. आम्ही निघालो त्याच्या आदल्या हिवाळ्यातला. हे सकाळी म्हणाले, की अक्काचा गुडघा लातूरच्या डॉक्टरला दाखवायचा आहे, उद्या जाऊन येतो. मी येते म्हटलं तर म्हणाले, दिवसभर दवाखान्यात बसून तू काय करणार. मग जरा थांबून म्हणाले, की पुरणपोळ्या करून दे, अक्काला तुझ्या हातच्या लई आवडतात. आणि जरा जास्त कर, शेजारपाजारचेही असतात. मी पहाटे उठून डाळ शिजवली, पुरणयंत्र फिरवून हात भरून आला, पातळ पातळ पोळ्या लाटल्या, येळवणीची आमटीसुद्धा बरणीत भरून दिली. हे कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून निघाले. गुडघ्याच्या डॉक्टरकडे एवढं नटून, असं मी चिडवलंही. हे हसले नाहीत. मला वाटलं, बहिणीच्या काळजीत आहेत.

तर मुलाची पदवी झाली, समारंभ ठरला, आणि आम्ही निघालो. हैदराबादहून एक विमान, युरोपात कुठे तरी कडाक्याच्या थंडीत एक मुक्काम, मग दुसरं विमान, आणि एका सकाळी त्रिनिदादला उतरलो. पुढच्या विमानाचं तिकीट वेगळं होतं, म्हणून सामान ताब्यात घेऊन बाहेर यायचं होतं. दाराशी एका बाईने आमच्या बॅगा उघडायला लावल्या. उंच बाई, केसांच्या बारीक बारीक वेण्या, नखं रंगवलेली, आवाज मात्र थेट आमच्या जुन्या मुख्याध्यापिकेचा. धान्य, बी-बियाणं, फळं असं काही आहे का, तिने विचारलं. मी छातीठोक नाही म्हटलं. माझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी होती, ती तिने हुंगली आणि सोडली.

निळी बॅग यांची. तिची किल्ली यांच्या पाकिटात. ती यांना पटकन सापडेना, ते मी पाहिलं आणि प्रवासाच्या थकव्यावर घातलं. बाईने कपडे बाजूला केले आणि खालून एकेक वस्तू वर काढली. शेंडीचा नारळ. तांदळाची पुडी. हळकुंडं, सुपाऱ्या, खारका. खण. नारायणपेठी साडी. हिरव्या बांगड्यांचा डबा.

"पूजा, पूजा," हे त्या बाईला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "अक्कानं दिलं. तिकडं देवीची ओटी भरायची हाय म्हणे."

आमच्याकडच्या बायका काशीला जावोत नाहीतर कॅरिबियनला, ओटीचं सामान सोबत असतंच, आणि त्याला कुठल्या देशाचा कायदा आडवा येईल असं कोणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून इथवर मला नवल वाटलं नाही. बाईने नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका सगळं एका मोठ्या डब्यात टाकून दिलं. बाहेरचं बी तिच्या बेटावर चालत नाही, एवढंच म्हणाली. मला वाईट वाटलं, भरली ओटी अशी टाकू नये. मग तिने तळाची एक गुलाबी कागदाची पुडी उघडली. सराफ देतात तसा कागद. आत चांदीची जोडवी होती. एक जोड लहान, एक मोठा.

देवीच्या ओटीत जोडवी घालतात, नाही असं नाही. पण ती पुडीतली, पत्र्याची, हळदीकुंकवासोबत मिळतात ती. अस्सल चांदीची, जड, तीही दोन मापांची जोडवी देवीला कोणी घेत नाही. देवीच्या पायाचं माप कोणी विचारत नाही. ज्या बाईचा पाय पाहिलेला नाही, पण जिच्या बोटात ती बसलीच पाहिजेत, तिच्यासाठी दोन मापं घेतात. आणि मुलगी बघायला जाताना कोणी जोडवी नेत नाही. ती लग्न झालेल्या पायात जातात.

मला सगळं एकदम कळलं असं नाही. पण मी त्या बाईच्या टेबलाला धरलं. मुलाचं लग्न झालं होतं. अक्काला माहीत होतं. यांना माहीत होतं. मला सामानासारखं उचलून चालवलं होतं, बॅगेत काय आहे हे बॅगेला कोण सांगतं. मी ती पुडी उचलली, चांदी आहे, पर्समध्ये ठेवते, असं म्हटलं आणि ठेवून दिली. हे म्हणाले, "ठेव, ठेव." चोराच्या मनात चांदणं, पण चोराला वाटत असतं, की बाकीच्यांना अंधारच आहे.

बाहेरच्या बाकावर बसून मी पाणी प्याले आणि मनाशी ठरवलं, की विचारायचं नाही. विचारलं की माणूस उत्तर देतो, सांगत नाही. मला यांनी आपण होऊन सांगायला हवं होतं, आणि तेही संध्याकाळच्या विमानात बसायच्या आत. सबंध दिवस यांच्या हातात होता. एवढी संधी मी शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांनाही दिली नव्हती.

टॅक्सीवाला आमच्याच वयाचा, रंगाने आणि नाकाडोळ्यांनी धर्माबादच्या आडतीवर बसलेला शोभला असता असा. हिंदी त्याला येत नव्हती. इंग्रजी गाणं म्हटल्यासारखं बोलायचा आणि मला आंटी म्हणायचा. बॅगा त्याच्या डिकीत टाकल्या. कुठे जायचं म्हणाला. हे म्हणाले, देऊळ. आता ओटीची बतावणी केली म्हटल्यावर देऊळ गाठणं भागच होतं.

रस्ता ओळखीचा वाटला. डावीकडून गाड्या, दोन्हीकडे उसाची पडीक रानं, केळी, आंबे, पत्र्याची घरं. घरांच्या अंगणात उंच कळकांवर लाल, पिवळे, पांढरे झेंडे लावलेले. घरात पूजा झाली की झेंडा लावायचा अशी इथली रीत, असं टॅक्सीवाल्याने सांगितलं. म्हणजे कोणाच्या घरात काय कार्य झालं हे रस्त्याने जाणाऱ्याला कळतं. मी म्हटलं, चांगली रीत आहे. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

देऊळ समुद्रात होतं. किनाऱ्यापासून एक अरुंद वाट पाण्यात गेलेली आणि टोकाला पांढरं देऊळ. समुद्र म्हणजे निळाशार असणार अशी माझी समजूत होती. हा गढूळ, तपकिरी, आणि कडेला वाळूऐवजी चिखल. हे खूश झाले. म्हणाले, "आपली पुरातली गोदावरीच वाटून राहिली." मला हसू आलं. राग असताना हसू आलं की आणखी राग येतो, तसा आला.

आत पुष्कळ देव होते. देवीपुढे मी खण ठेवला, यांच्याकडे वळले आणि पर्समधून गुलाबी पुडी काढली.

"जोडवीही वाहू का?"

हे पटकन पुढे आले. "नको नको, ती राहू दे. ती तिकडच्या..." आणि थांबले. देवळात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर पाणी खांबांवर आपटत होतं. मी वाट बघितली. माझ्या मनात आलं, आता बोला, या देवीसमोर बोला, मी ओरडणार नाही. हे कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "तिकडच्या देवीसाठी ठेवू."

मी पुडी परत पर्समध्ये ठेवली.

परत येताना ती अरुंद वाट ओली होती. यांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत यांनी माझा हात कधी धरला नव्हता. हाताला हात लागला आणि मला खरोखर बरं वाटलं. तेच मला सहन होईना. माणूस इतका गोड कधी वागतो, हे मला शाळेतल्या पोरांनी शिकवलंय. काच फुटलेली असते तेव्हा.

नंतर हे जे काही बघून घ्यायला लागले, त्याला सीमा नव्हती. समुद्राकाठी फोटो काढले. रस्त्यावर शहाळं प्यायलो. एका बाईकडून कैरीच्या फोडी घेतल्या, मीठ, मिरची आणि कसलासा उग्र वासाचा पाला लावलेल्या. मला वेताची टोपी घेऊन दिली. लोह्याला चहाला न थांबणारा माणूस दर दहा मिनिटांनी टॅक्सीवाल्याला म्हणायचा, स्टॉप, स्टॉप. एवढ्या लांब आलोत तर बघून घेऊत की, हे पालुपद. मी टोपी घालून त्यांच्यामागे हिंडत होते. प्रत्येक ठिकाणी उतरताना वाटायचं, इथे सांगतील. प्रत्येक ठिकाणाहून निघताना कळायचं, की नाही सांगितलं.

दुपारी टॅक्सीवाल्याने एका गाड्यापाशी थांबवलं. दोन मऊ, पिवळ्या, तळलेल्या पोळ्या आणि मध्ये रसरशीत हरभरे, कागदात गुंडाळून देतात, उभ्यानेच खायचं. तिखट किती घालू, असं गाडेवाल्याने विचारलं. मी म्हटलं, भरपूर. टॅक्सीवाला घाबरून म्हणाला, आंटी, जपून. मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे ठेचा तोंडी लावतात, काळजी करू नकोस. पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. यांनी रुमाल दिला, पाण्याची बाटली उघडून दिली, पाठीवरून हात फिरवला. तिखट लागलं, हे मलाही सोयीचं होतं. बराच वेळ मी त्या रुमालात तोंड घालून उभी राहिले. तिखटाचं पाणी कधीच थांबलं होतं.

खाता खाता टॅक्सीवाला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगत होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातला माणूस. त्याला सांगितलं, काम जवळच आहे, काही दिवसांत परत येशील. मग जहाजात बसवलं. किती तरी दिवस नुसतं पाणी. उतरला तेव्हा कळलं, की परतीची वाट एवढी लांब आहे, की ती नसल्यासारखीच. टॅक्सीवाला हे हसत हसत सांगत होता. त्यांच्या घरात ही आता गमतीची गोष्ट झाली आहे. मी विचारलं, ज्याने खोटं सांगून बसवलं, तो कोण होता? तो म्हणाला, गावातलाच, ओळखीचा. परक्याचं कोण ऐकतं, आंटी?

हे कागदाची घडी घालत होते. घडी घालून झाली तरी घालत होते.

संध्याकाळी विमानतळावर परत आलो. बॅगा दिल्या, तपासणी झाली, आमच्या दारासमोरच्या खुर्च्यांवर येऊन बसलो. बाहेर आमचं विमान उभं होतं, लहानसं. मी टोपी मांडीवर ठेवली आणि मनात म्हटलं, एवढाच वेळ आहे आता. हे दोनदा घसा साफ करून माझ्याकडे वळले. पहिल्यांदा म्हणाले, पाय दुखतात का. दुसऱ्यांदा म्हणाले, चहा मिळतो का बघतो. आणि उठून गेले. फोन खुर्चीवर राहिला.

तो वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल. मी उचलला तर पडद्यावर एक मुलगी होती. काळीसावळी, गोल चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची, त्याच बेटांवरची. मागे लहानसं स्वयंपाकघर. गळ्यात काळे मणी, ते मी आधी पाहिले. मला बघून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि म्हणाली, "आई."

पुढचं ती इंग्रजीत बोलली, भराभर, हसत आणि रडत. मला सगळं समजलं. शाळेत मराठीच्या जोडीला इंग्रजीही माझ्याकडेच असायचं. ती म्हणाली, की आज सकाळपासून तिला घास गेला नाही. बाबा आज तुम्हाला सांगणार होते. त्यासाठीच तर त्यांनी दिवसभर थांबायचं तिकीट घेतलं. लवकरचं विमान होतं, पण बाबा म्हणाले, नको, मला निवांत वेळ हवा, हिला नीट समजावून सांगतो. सांगितलं ना बाबांनी?

मी काही बोलायच्या आत तिने आभार मानायला सुरुवात केली. पुरणपोळ्यांचे. हा शब्द तिने मराठीत म्हटला, तुटक तुटक, पाठ केल्यासारखा. लग्नाच्या दिवशी, तिकडे ते दोघं कचेरीत सही करत होते तेव्हा, इकडे लातूरला आत्याच्या घरी बाबा, आत्या, शेजारीपाजारी फोनसमोर बसले होते. तिने विचारलं, आई कुठे आहेत? तर आत्याने ताट पडद्यासमोर धरलं. सांगितलं, तिची तब्येत बरी नाही, प्रवास झेपला नसता, पण बघ, तिने स्वतः पोळ्या करून पाठवल्यात. तुम्हा दोघांना आशीर्वाद म्हणून. ती म्हणाली, "मी तेव्हा रडले. मला वाटलं होतं, तुम्ही मला नाकाराल."

मी पांढऱ्या सदऱ्यावरून चिडवलं तो दिवस. पहाटेचं पुरणयंत्र. जरा जास्त कर, शेजारपाजारचेही असतात. माझ्या हातचं पुरण त्या लग्नाला होतं, आणि मी नांदेडला पांढऱ्या फरशीवर केर काढत होते. लग्न लपवलं हे मी सकाळपासून गिळत होते. कदाचित गिळलंही असतं. मी तिखट आहे, उदगीरच्या मुलीसाठी हटून बसले असते, हे मलाही माहीत आहे. पण लपवताना माझ्याच हाताची साक्ष काढली. माझ्याकडून होकार करवून घेतला, डब्यात भरून नेला आणि मला कळू दिलं नाही.

मुलीच्या मागे मुलगा आला. त्याने मला पाहिलं, आजूबाजूला बाबा दिसत नाहीत हे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई... बाबांनी सांगितलं ना?"

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचा यात काय दोष? तिलाही खोटंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "हो, सांगितलं. दिवसभर तेच बोलत होतो." आणि तिला इंग्रजीत म्हटलं, की पोळ्या गोड झाल्या होत्या का? तिने सांगितलं, की तिला तिकडे कुठून खायला मिळणार, पण आत्या म्हणाली, की फार गोड होत्या.

हे दोन कागदी पेले घेऊन आले. कोणाचा फोन, विचारलं. मी म्हटलं, मुलाचा, विमानतळावर घ्यायला येतो म्हणाला. यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहात साखर कमी आहे का विचारलं.

विमानात बसलो, पट्टे बांधले, दार बंद झालं. मला उठून कुठे जाता येणार नाही अशी खात्री झाल्यावर हे बोलले. खिडकीकडे बघत, खालच्या आवाजात. मुलाने लग्न केलंय. पोरगी तिकडचीच, परिचारिका आहे, स्वभावाने चांगली. तो आता तिथेच राहणार. तुझं बीपी वाढलं असतं, तू अन्नपाणी सोडलं असतंस, म्हणून बोललो नाही. अक्कालाही मीच गप्प बसवलं. लग्न फोनवरच पाहिलं, अक्काकडं. तू म्हणशील तशी शिक्षा दे.

मी विचारलं, "आणखी काही?"

"न्हाई," हे म्हणाले. "एवढंच."

"काहीच राहिलं नाही?"

"न्हाई गं. समदं सांगितलं."

मग यांना झोप लागली. ओझं उतरलं की माणसाला झोप लागते. मी खाली बघत होते. समुद्र अंधारला होता, काही दिसत नव्हतं.

मुलीला लहान जोड बसला. तो मीच तिच्या बोटात घातला, खाली बसून. ओटीला नारळ नव्हता, तांदूळ नव्हते, तिच्याच घरातल्या डब्यातले मूठभर तांदूळ घेतले आणि एक आंबा. ती गुणी आहे. दर रविवारी फोन करते, मुलापेक्षा जास्त बोलते. मोठा जोड माझ्याकडे आहे, कपाटात, त्याच गुलाबी कागदात.

खालचा मजला आम्ही आता अभ्यासिकेला दिलाय. डॉक्टर होऊ पाहणारी पोरं त्या पांढऱ्या फरशीवर टेबलं टाकून पहाटेपर्यंत वाचतात. अक्काशी मी बोलते. गुडघा कसा आहे, असं मुद्दाम विचारते. ती बरा आहे म्हणते. घरी पाहुणे आले की हे त्या दिवसाचं वर्णन सांगतात. समुद्रातलं देऊळ, तपकिरी पाणी, आणि त्या तिखटाने हिच्या डोळ्यांतून कसं पाणी आलं. लोक म्हणतात, एका दिवसात किती बघितलंत तुम्ही. हे म्हणतात, एवढ्या लांब गेलो होतो तर बघून घेतलं.

त्या डब्याबद्दल मी अजून विचारलेलं नाही. सणाला पुरण घालते, डाळ शिजवते, यंत्र फिरवते. पोळी यांच्या ताटात वाढते, तूप सोडते आणि वाटी हातात धरून जरा वेळ तिथेच उभी राहते. हे मान खाली घालून जेवतात. मग म्हणतात, "झकास झालीय. आणखी एक वाढ."

मी वाढते.